दगडाबरोबर आलेल्या शिंपल्याचं काय करायचं?

प्रश्न : नमस्कार मॅडम. आम्ही फ्लोरिडात टँपाला असतो. मुलाच्या हौसेखातर २०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक केला आणि त्यात फ्लोरिडाच्याच समुद्रात तयार केलेला लाइव्ह रॉक, म्हणजे जिवंत जीवजंतू चिकटलेला दगड, घातला. महिना-सव्वा महिन्यानं दगडाच्या एका कपारीत तपकिरी, केसाळ शिंपला दिसला. आकार अंगठ्याच्या पेराएवढा. दुकानदार म्हणतो, काढून टाका, मेला तर अख्खा टँक नासेल. मुलगा म्हणतो, हा जायंट क्लॅम आहे, ह्याला प्रखर दिवा आणायला हवा. मी कोणाचं ऐकू? काढायचा तर कसा काढू आणि ठेवायचा तर त्याला खायला काय घालू? फोटो सोबत पाठवते आहे.
– एक आई, टँपा

उत्तर : राहू द्या त्याला. आणि हे उत्तर वाचून होईपर्यंत तो ओढून बघू नका, मुलालाही ओढू देऊ नका. कारण पुढे सांगते.

आधी मुलाचं म्हणणं घेऊ. फोटोत बिजागरीची रेघ सरळ दिसते आहे, कवच लांबट आहे, त्यावर बारीक रेघांची जाळी आहे आणि कडेला तपकिरी केसांची झालर आहे. ही सगळी लक्षणं आर्क क्लॅमची, त्यातही बहुधा बार्बाटियाची. ह्या कुळातल्या एखाद्याचं रिकामं कवच कधी हाती लागलं तर मुलाला आतून बिजागरी दाखवा. कंगव्यासारखी बारीक दातांची लांब ओळ असते. ती एकदा पाहिली की हे कूळ परत ओळखायला कठीण जात नाही.

जायंट क्लॅम, म्हणजे ट्रायडॅक्ना, हिंदी महासागर आणि प्रशांत महासागर ह्या बाजूचा रहिवासी. अटलांटिकमध्ये तो नाही, मेक्सिकोच्या आखातातही नाही. तुमचा दगड फ्लोरिडाच्याच समुद्रातला, तेव्हा त्यावर ट्रायडॅक्ना येणं शक्यच नाही. हा फरक नुसता नावापुरता नाही. ट्रायडॅक्नाच्या मांसल कडेत सूक्ष्म शैवाल राहतं, उजेडात ते अन्न तयार करतं आणि शिंपला त्यावर पोसला जातो. म्हणून त्याला प्रखर दिवा लागतो. तुमच्या पाहुण्याजवळ असं शैवाल नाही. तो अंधाऱ्या कपारीत राहतो तो आवडीनं. दिव्याचे पैसे वाचवा आणि त्याला उजेडात आणायला दगड फिरवू नका.

मुलाला त्याऐवजी दुसरी गोष्ट दाखवा, ती त्याला नक्की आवडेल. आर्क क्लॅमच्या मांसल कडेवर डोळे असतात, ओळीनं कितीतरी, आणि तेही कीटकांसारखे संयुक्त. त्यांना चित्र दिसत नाही, पण वरून सावली सरकली की लगेच कळतं. शिंपला उघडा असताना काचेपासून लांबूनच हात हळू फिरवायला सांगा. पाण्याला स्पर्श नाही, काचेला धक्का नाही, तरी कवच मिटतं. दिवसातून एखाद्या वेळीच करा. मिटलेला शिंपला खात नाही, आणि सारखं मिटायला लावलं तर उपाशी राहतो. ह्या कुळातल्या पुष्कळ शिंपल्यांचं रक्त आपल्यासारखं हिमोग्लोबिनचं, लाल असतं. म्हणूनच कोंदट, प्राणवायू कमी असलेल्या कपारीतही ते तग धरतात.

आता दुकानदाराचं म्हणणं. त्याची भीती निराधार नाही, पण ती तुमच्या टँकला लागू नाही. नवा दगड बोटीतून, मग गाडीतून, ओल्या कागदात गुंडाळून येतो, तेव्हा वाटेत बरेच जीव मरतात. असा दगड थेट टँकमध्ये टाकला की पहिल्या आठवड्यात अमोनिया वाढतो आणि त्यात उरलेलेही जातात. तुमचा शिंपला ह्या सगळ्यातून पार पडून महिना उलटून गेल्यावर दिसला आहे. अंगठ्याच्या पेराएवढा एक जीव २०० लिटरच्या बसलेल्या टँकमध्ये उद्या मेला, तरी रात्रीत ब्रिसलवर्म (दगडात राहणारे केसाळ किडे), शंखातले खेकडे आणि नॅसेरियस गोगलगायी त्याचा फडशा पाडतील. दुकानदारानं दहा मेलेल्या शिंपल्यांचा टँक पाहिला असेल. तुमच्याकडे एक जिवंत आहे.

जिवंत आहे की नाही हे ओळखायची रीत रत्नागिरीच्या बाजारात तिसऱ्या घेणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक असते. तोंड उघडं दिसलं की बोटानं टिचकी मारायची. मिटला तर जिवंत, तसाच उघडा राहिला तर बाजूला. टँकमध्ये टिचकीऐवजी सावली किंवा ड्रॉपरनं सोडलेली पाण्याची हलकी धार पुरते.

हा शिंपला तुमच्या दगडावर कसा आला, ते थोडं सांगते, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावर उभा आहे. अमेरिकेच्या केंद्रीय हद्दीतल्या समुद्रातून नैसर्गिक लाइव्ह रॉक काढायला १९९७ पासून फ्लोरिडाच्या बाजूला बंदी आहे. तेव्हापासून लोक समुद्रतळाचा तुकडा भाड्यानं घेतात, जमिनीवरच्या खाणीतला चुनखडीचा दगड तिथे टाकतात आणि एखाद-दोन वर्षं तसाच राहू देतात. शिंपल्याची पिल्लं काही दिवस ते काही आठवडे पाण्यात तरंगतात, मग तळाशी उतरून जागा चाचपतात. पायानं पृष्ठभाग तपासायचा, नको वाटला तर पुढे जायचं, पटला तर रेशमासारखे धागे सोडून चिकटायचं. म्हणजे तुमचा शिंपला त्या दगडावर कुणी ठेवलेला नाही. त्यानं ती कपार निवडली, तिथे वाढला, आणि त्या कपारीचा आकार त्याच्या कवचाच्या आकारात उतरला आहे. विकत आणून वाळूवर ठेवलेल्या शिंपल्यापेक्षा असा शिंपला जगण्याची शक्यता मला नेहमी जास्त वाटते, आणि म्हणूनच त्याला हलवण्याच्या मी विरोधात आहे.

धागे ओढायचे नाहीत ते ह्यासाठी. ते पायाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतून निघतात. शिंपला जोरानं ओढला की धागे दगडापासून सुटत नाहीत, ग्रंथीच पायासकट फाटते. त्या वेळी काही दिसत नाही, शिंपला मिटतो, सगळं ठीक वाटतं, आणि काही दिवसांनी तो मरतो. दगडच काढून टाकायची वेळ आली आणि शिंपला वेगळा करणं भाग पडलं, तर पाण्याखालीच, धारदार पातळ ब्लेडनं, दगडाला लागून धागे कापा. कापलेले धागे तो सोडून देतो आणि नव्या जागी नवे काढतो. नव्या जागी ठेवताना धागे निघतात ती फट दगडाकडे येईल असा ठेवा, आणि वर खेकडा पोचणार नाही अशी जागा बघा.

आता खाणं. तुमचा खरा प्रश्न हाच आहे आणि बहुतेक घरगुती टँकमधले शिंपले ह्यातच जातात.

एकदा रात्री दिवे मालवल्यावर अर्ध्या तासानं टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावून त्याच्याकडे बघा. कवच दोन-तीन मिलिमीटरच उघडलेलं असेल. आत तपकिरी कड, त्यावर काळसर ठिपके. एका बाजूनं पाणी आत जातं, दुसऱ्या बाजूनं बाहेर येतं. पाण्यात तरंगणाऱ्या कणांवर नजर ठेवली की हा प्रवाह दिसायला लागतो. कण फटीजवळ येतात आणि अचानक आत खेचले जातात. आत कल्ल्यांवर सूक्ष्म लव आहे, ती कण गाळते, चिकट स्रावात गुंडाळते आणि तोंडाकडे सरकवते. जे नको ते एका बाजूला गोळा होतं आणि थोड्या वेळानं कवच एकदम मिटून उघडतं, तेव्हा पांढुरकं, सैल, दोऱ्यासारखं काहीतरी बाहेर पडून खाली सांडतं. ती विष्ठा नव्हे, नाकारलेलं अन्न आहे. ते सांडताना दिसलं की समजा, पाण्यात खायला पुरेसं आहे आणि शिंपला निवडून खातो आहे. मला सगळ्या चाचण्यांपेक्षा ह्या दोऱ्यावर जास्त भरवसा आहे.

पाणी गाळायची ह्यांची ताकद किती, त्याची कल्पना यावी म्हणून सांगते : अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं पूर्ण वाढलेलं कालव अनुकूल दिवसांत जास्तीत जास्त १९० लिटरच्या आसपास पाणी रोज गाळू शकतं. म्हणजे तुमचा जवळजवळ अख्खा टँक. तुमचा शिंपला लहान आहे, तो इतकं गाळणार नाही, पण रॉकवर दिसणारा तो एकटा आहे आणि न दिसणारे स्पंज, पंखेवाले किडे, आणखी चार-दोन शिंपले आहेत. त्यातच स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि गाळणीची पिशवी दिवसरात्र पाणी स्वच्छ करत असतात. काचेसारखं पाणी पाहुण्यांना दाखवायला छान, पण शिंपल्याच्या दृष्टीनं त्यात अन्नच नसतं. आणि शिंपला लवकर मरत नाही. अंगातला साठा वापरत तो महिनोन् महिने टिकतो, हळूहळू आतून वाळतो, मग एक दिवस उघडा पडलेला दिसतो आणि मालक म्हणतो, काल तर चांगला होता.

म्हणून शिंपल्याला वेगळं भरवण्यापेक्षा टँकला खाऊ घाला. मासे व्यवस्थित ठेवा, त्यांना रोज खायला द्या, त्यांच्या मागे उरणाऱ्या चुऱ्यावर आणि जिवाणूंवर शिंपल्याचं बरंच भागतं. नायट्रेट शून्यावर आणायचा ध्यास सोडा. ५ ते १० पीपीएम असलं तर बिघडत नाही. गाळणीची पिशवी काही दिवस काढून ठेवली तरी चालेल. आठवड्यातून एकदा, रात्री, दगडांच्या फटींत ड्रॉपरनं हलकी फुंकर मारा म्हणजे बसलेला गाळ वर येईल. फुकटचं जेवण आहे ते.

ह्यावर जिवंत फायटोप्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शैवाल, द्यायचं असेल तर बाटलीवर कोणतं शैवाल आहे ते वाचा. दुकानात सर्वांत जास्त मिळतं ते नॅनोक्लोरॉप्सिस. ते दोन-तीन मायक्रॉनचं, फार बारीक, आणि त्याचं आवरण जाड, त्यामुळे शिंपल्याला नीट पचत नाही. आयसोक्रायसिस किंवा टेट्रासेल्मिस असलेलं मिश्रण घ्या. तुतिकोरिनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं १९८१ मध्ये मोत्यांच्या कालवांची पिल्लं हॅचरीत तयार केली, ती आयसोक्रायसिसवर वाढवली होती, आणि जगभरच्या कालवांच्या हॅचऱ्यांत आजही हे शैवाल असतंच. बाटली फ्रिजमध्ये ठेवा, रोज हलवा, कुजका वास आला की फेकून द्या. २०० लिटरला सुरुवातीला २० मिली, आठवड्यातून दोनदा. दिवे मालवल्यावर, तास-दोन तास स्किमर बंद ठेवून. पाण्याला पुसट हिरवी झाक यावी आणि सकाळपर्यंत ती जावी. सकाळीही हिरवं दिसलं तर पुढच्या वेळी निम्मं करा. ड्रॉपर थेट फटीवर रोखू नका, तो मिटतो. प्रवाहाच्या वरच्या बाजूला, वीतभर लांब सोडा आणि पाण्यालाच नेऊ द्या.

पाण्याचं बाकीचं गणित कोरलसाठी, म्हणजे प्रवाळांसाठी, करतात तेच : क्षारता ३५ पीपीटी म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, तापमान २५ अंशांच्या आसपास, कॅल्शियम ४०० ते ४५०, अल्कलिनिटी ८ ते १० डीकेएच. कवच ह्याच कॅल्शियम आणि अल्कलिनिटीतून बनतं. आकडा अमुकच हवा असा अट्टहास नको, पण तो रोज वरखाली होऊ देऊ नका. कवचाच्या कडेला फिकट, स्वच्छ, नवी किनार दिसू लागली की तो वाढतो आहे. महिन्यातून एकदा एकाच जागेवरून फोटो काढून ठेवा, मुलाला हे काम द्या.

एक धोका मात्र ठळकपणे सांगते. माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला की तांब्याचं औषध देतात. ते ह्या टँकमध्ये कधीही घालायचं नाही. तांबं शिंपल्यांना, कोळंब्यांना, गोगलगायींना विष आहे आणि दगडात मुरलं की नंतर हळूहळू सुटत राहतं. आजारी मासा बाहेर काढून वेगळ्या डब्यात औषध द्या.

—

प्रश्न : मी मूळचा मालवणचा, आता टँपा बेच्या पलीकडे सेंट पीटर्सबर्गला असतो. धक्क्याच्या खांबांवर हिरव्या कडेचे शिंपले पाहिले, हुबेहूब आपले शिनाणे. एक दगड उचलला त्यावर दोन चिकटलेले होते, ते टँकमध्ये सोडले. वाढतील का? आणि वाढले तर खाता येतील का?
– एक मालवणी वाचक

उत्तर : हुबेहूब नाही, तेच आहेत. पर्ना व्हिरिडिस, आपल्याकडे कोकण-गोव्यात खडकांवर होणारे शिनाणेच. टँपा बेमध्ये ते १९९९ साली पहिल्यांदा सापडले, वीजकेंद्र थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या नळांत. जहाजांच्या पाण्यातून किंवा तळाला चिकटून आले असं मानतात. तिथे ते झपाट्यानं पसरले, खांब, बोया, नळ सगळीकडे थर चढले आणि तिथल्या मूळच्या कालवांची जागा अडली. आपल्या घरचा जीव परमुलखात उपद्रवी ठरावा ह्याचं मलाही वाईट वाटतं, पण खरं ते खरं.

टँकमध्ये ते वाढायचे नाहीत. मोठ्या ओढीच्या, गढूळ, अन्नानं भरलेल्या पाण्यातला हा शिंपला आहे. तो फार खातो. आर्क क्लॅमचं जिथे भागतं तिथे हा उपाशी मरेल आणि मरताना पाणी खराब करेल, कारण आकारानं मोठा आहे. बाहेर काढा. पण समुद्रात, नाल्यात, कुठेही परत सोडू नका, जिथून आणले तिथेही नाही. पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये दोन दिवस ठेवा आणि मग कचऱ्यात टाका. टँकमधून समुद्रात गेलेल्या जिवांनी फ्लोरिडाचं काय केलं ते लायनफिशच्या उदाहरणावरून सगळ्यांना माहीत आहे. तो मासा १९८५ साली तिथल्या किनाऱ्यावर पहिल्यांदा दिसला आणि आज कॅरिबियनभर आहे.

खाण्याचं म्हणाल तर मुळीच नको. त्या आखातात रेड टाइड येते, म्हणजे विषारी सूक्ष्म शैवाल एकदम माजतं. तिचं कारण असलेल्या शैवालाचं विष शिंपले अंगात साठवतात आणि ते शिजवून जात नाही. मालवणात तुमच्या आईनं केलेलं शिनाण्यांचं सुकं आणि टँपा बेच्या खांबावरचा शिंपला ह्यांची जात एकच असली तरी पाणी वेगळं आहे.

—

प्रश्न : एडिसन, न्यू जर्सीहून लिहितो. आमच्या फ्लोरिडाच्या दगडातून लाल झालरीचा शिंपला निघाला. दोनदा टाळ्या वाजवल्यासारखा उघडमीट करत पोहताना पाहिला! रोज वेगळ्या जागी असायचा. आता आठवड्यापासून दिसतच नाही. शिवाय दुसऱ्या एका दगडात इंग्रजी आठच्या आकड्यासारखं बारीक भोक आहे आणि ते बंद होतं, उघडतं. त्यात काय आहे?
– एक वाचक

उत्तर : पहिला टेनॉइडस, फाइल क्लॅम. दुकानात त्याला फ्लेम स्कॅलप म्हणून विकतात, पण तो स्कॅलप नाही. पोहतो, हे तुम्ही पाहिलंच. झालरीचे तंतू चिकट असतात, माशानं ओढले तर तुटून त्याच्या तोंडाला चिकटतात आणि तेवढ्यात शिंपला सटकतो. ह्याच प्रजातीतला हिंदी-प्रशांत महासागरातला एक भाऊबंद कडेवरून वीज चमकावी तसा लखलखतो. तो स्वतः प्रकाश देतो असं पुष्कळांना वाटायचं. २०१४ मध्ये संशोधकांनी दाखवलं की कडेच्या एका बाजूला सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे आहेत, ते बाहेरचा उजेड परतवतात, आणि कड भराभर गुंडाळली-उलगडली जाते म्हणून लखलखाट दिसतो.

तुमचा दिसत नाही ही चांगली बातमी आहे. त्याला पसंत पडेल अशी फट सापडली की तो आत धाग्यांनी खडे-वाळू बांधून घरटं करतो आणि तिथेच राहतो. दगड उचलून शोधू नका, धागे तुटतील. रोज जागा बदलत होता तेव्हा त्याला पुरेसा प्रवाह किंवा अन्न मिळत नव्हतं. परत उघड्यावर आला तर वर टँपाच्या ताईंना सांगितलं तसं खाणं वाढवा. आणि हा आवडला म्हणून दुकानातून दुसरा आणू नका. घरच्या टँकमध्ये हे बहुतेक काही महिन्यांत उपासमारीनं मरतात. आला आहे त्याचं करा, नवा ओढवून घेऊ नका.

आठच्या आकड्याचं भोक म्हणजे दगड कोरून आत राहणारा शिंपला. दोन वर्तुळं म्हणजे पाणी आत घ्यायची आणि बाहेर सोडायची नळी. त्यातले लिथोफागासारखे काही आम्लधर्मी स्रावानं चुनखडी विरघळवत आत शिरतात. दगड फुटेल म्हणून घाबरू नका, तुमच्या हयातीत तसं होणार नाही.

लिथोफागाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इटलीत नेपल्सजवळ पोत्सुओलीला रोमन बाजाराचे तीन संगमरवरी खांब उभे आहेत. त्यांच्या अंगावर, जमिनीपासून पुरुषभर उंचीच्याही वर, ह्या शिंपल्यांनी पाडलेल्या भोकांचा पट्टा आहे. म्हणजे बांधल्यानंतर ती जमीन खांबांसकट समुद्रात खचली, शिंपल्यांना कोरायला पुरेल इतका काळ तिथे राहिली, आणि पुन्हा वर आली. खांब मात्र पडले नाहीत. चार्ल्स लायेल ह्यांनी १८३० साली भूशास्त्राच्या आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच ह्या खांबांचं चित्र छापलं, जमीन हळूहळू वर-खाली होते ह्याचा पुरावा म्हणून. शिंपल्यांनी लिहून ठेवलेला एवढा मोठा पुरावा मला दुसरा माहीत नाही. तुमच्या दगडातल्या त्या दोन वर्तुळांकडे मान देऊन बघा.

—

प्रश्न : पुण्यात रीफ टँक करायचा आहे. एक विक्रेता लाइव्ह रॉक देतो म्हणतो, त्यावर निळ्या कडेचा शिंपला ‘फ्री’ आलेला आहे. फोटो फार सुंदर आहे. घेऊ का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. निळी कड म्हणजे जवळजवळ नक्की ट्रायडॅक्ना. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली रीफ बांधणारी सगळी कोरलं, समुद्रपंखे आणि शिंपल्यांत ट्रायडॅक्ना मॅक्झिमा व स्क्वामोसा घेतले गेले. वाघाला जे संरक्षण, तेच ह्यांना. परदेशातून आणले म्हणावं तर ट्रायडॅक्ना आणि दगडी कोरल सायटिस ह्या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टात आहेत, आयातीला कागद लागतात. विक्रेत्याकडे ते कागद मागा. ‘फ्री आलेला’ हे उत्तर कागदाची जागा घेत नाही. तो दगड अंदमान, लक्षद्वीप किंवा मन्नारच्या आखातातून उपसलेला असेल तर त्या जागेचं नुकसान झालं ते झालंच, आणि तुम्ही पैसे दिलेत की पुढचा दगड निघणार.

टँक हवाच असेल तर कोरडा, माणसानं बनवलेला दगड घ्या, खाऱ्या पाण्यात दोन-तीन महिने मुरू द्या आणि त्यात माणसानं पैदास केलेले क्लाऊनफिश ठेवा. पाहुणे शिंपले येणार नाहीत, हे खरं. शिंपले बघायचे तर मालवण-देवगडच्या बाजूला जा. थंडीत, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या सुकतीला खडक उघडे पडतात. पायात जुने बूट घाला, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. खडकाच्या खालच्या, सावलीच्या बाजूला वाकून बघा, धाग्यांनी चिकटलेले छोटे शिंपले तिथे असतात. उचललेला दगड होता तसाच, त्याच बाजूनं परत ठेवा, नाहीतर खालचे उन्हात मरतात. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, त्याच्या हद्दीतून रिकामी कवचंही आणू नका.

—

प्रश्न : आमच्या टँकमधला दगडाबरोबर आलेला शिंपला काल उघडा पडलेला दिसला. सावलीला मिटत नाही, ड्रॉपरच्या पाण्यालाही नाही. पूर्ण दगड बाहेर काढून धुऊ का? मुलगी खूप रडते आहे.
– एक बाबा, ह्यूस्टन

उत्तर : दगड काढू नका, धुऊ नका. गोड्या पाण्यानं धुतलात तर दगडातलं बाकी सगळं मरेल आणि मग खरोखर अमोनिया वाढेल. लांब चिमट्यानं कवचाच्या आतलं मांस निघत असेल तर तेवढं काढा, न निघालं तर राहू द्या, रात्रीत किडे आणि गोगलगायी साफ करतील. कवचाच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गोगलगायी दिसतात का ते दिवे मालवल्यावर बघा. त्या शिंपल्याचा रस शोषतात आणि दिवसा लपून बसतात. दिसल्या तर ब्रशनं झाडून काढा, नाहीतर दुसऱ्या शिंपल्यांवर जातील. कवचाला गोल, स्वच्छ भोक असेल तर ते भोक पाडून खाणाऱ्या गोगलगायीचं काम आहे, ती शोधून वेगळी करा. ह्यातलं काहीच नसेल तर तो बहुधा उपाशी गेला. मुलीला सांगा, ह्यात तुमच्यापैकी कोणाची हेळसांड नाही, तुमच्या टँकचं पाणी त्याच्यासाठी फार स्वच्छ होतं.

अमोनिया आज, उद्या आणि परवा तपासा. चढला तर टँकचं वीस टक्के पाणी बदला. शून्यावर राहिला तर काहीच करायला नको, आणि त्या दगडावर आणखी शिंपले असतीलच, म्हणून आजपासून आठवड्यातून दोनदा फायटोप्लँक्टन सुरू करा.